छाप कोणत्या बाजूला

मी एक जुनी बॅट आहे, मित्रांनो. क्रिकेटची नाही, बेसबॉलची. खेळले मात्र एकदाही नाही.

परदेशातल्या कारखान्यात मला गोल कातलं, पोटावर सोनेरी छाप मारली. भिवंडीच्या गोदामात माझं खोकं फाटलं आणि मला कोणी घेईना. मग मुकादमानं मला नामाला देऊन टाकलं. नामा तिथं माल उतरवायचा.

वज्रेश्वरीजवळच्या त्याच्या घरी गुणाबाईनं, त्याच्या बायकोनं, मला उलटसुलट पाहिलं.

"कोणाशी मारामारी हाय काय तुमची?"

"न्हाय गो. गोधड्या धुवायला घे."

असं माझं धोपाटणं झालं. पहिल्या दिवशी नदीवर गुणाबाईनं मला फिरवून फिरवून दगडावर वाजवून पाहिलं. एका बाजूनं बद्द आवाज आला, दुसऱ्या बाजूनं खणखणीत. त्यानंतर ती खणखणीत बाजूच दगडाकडे धरी, त्यामुळे माझी छाप कायम तिच्या डाव्या हाताला असे. बायका चिडवत, "गुणे, नवऱ्याला दाखवायला बरी हाय!"

"दाखवली हाय. म्हणून तर भांडी घासतो."

वर्षं गेली. माझ्या मुठीवर तिच्या अंगठ्याचा खळगा पडला.

यंदा उन्हाळ्यात गुणाबाई तापानं गेली. मी भिंतीला टेकून राहिले. घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं धुवायची असतात, म्हणून नामा मला घेऊन एकटाच नदीवर गेला. छाप पुसट झाली होती. दगडावर घासून ती जाऊ नये, म्हणून त्यानं ती जपून वरच्या अंगाला ठेवली. पहिली गोधडी संपायच्या आत मी तडकले.

नामा ओल्या गोधडीवरच बसला. "तिच्या हातात इतकी वर्षं टिकली. माझ्या हातात एक सकाळ न्हाय."

मग तो मला गावातल्या पंढरी सुताराकडे घेऊन गेला. पंढरीनं तड्यावरून नख फिरवलं.

"लाकूड सडलेलं न्हाय. थर सुटलाय. लाकूड म्हणजे कापडाचा तागा समज. घड्यांच्या कडेवर मार, काही होत न्हाय. पसरट अंगानं मारत राहिलं की घड्या सुटतात. छाप त्या पसरट अंगावरच हाय. ती वर धरली की खाली दगडावरबी पसरट अंगच येतं. तू ती वर धरलीस ना?"

"पुसू नये म्हणून."

पंढरीनं विचारलं, "वहिनी कशी धरायची?"

"कधी बघितलंच न्हाय रे."

पंढरीनं मुठीवरचा खळगा दाखवला. नामानं त्यात अंगठा ठेवला. छाप आपोआप डावीकडे वळली.

"चिकटवली तरी पाण्यात टिकायची न्हाय," पंढरी म्हणाला. "चुलीला—"

"चुलीत घालायची न्हाय."

आता मी भिंतीतल्या दिव्याच्या देवळीशेजारी असते. उरलेल्या गोधड्या नामानं बाभळीच्या नव्या धोपाटण्यानं धुतल्या. त्याआधी त्यानं ते फिरवून फिरवून दगडावर वाजवून पाहिलं म्हणे.

मित्रांनो, घरातली वस्तू तुटली तर टाकायची घाई करू नका. कुठून तुटली ते बघा. आणि ती रोज ज्या हातात असते, त्या माणसाला विचारून घ्या, माणूस आहे तोवर.