सवतीचं ऑपरेशन

"बारा नंबर," म्हणत सिस्टरनं मागे न बघता तळहात पसरला आणि नवऱ्यानं त्यावर पाना ठेवला. ठेवला म्हणजे आधी तो तिच्या बोटांवर दोनदा टकटकला, मग हातात आला. तिला ते जाणवलंच नाही असं दाखवून तिनं पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

सिस्टर म्हणूनच सगळी गल्ली तिला ओळखायची. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात गेला होता. सर्जननं हात पुढे केला की हवं ते हत्यार त्यावर ठेवायचं, हे तिचं काम. आज मागणारी ती होती आणि देणारा तो. तिला आतून गंमत वाटत होती, पण हसायची सोय नव्हती. नवरा शेजारी स्टुलावर असा बसला होता, जणू थिएटरच्या दाराबाहेर ताटकळणारा नातेवाईक.

गाडी लाल, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. लग्नाआधीपासून त्याच्याकडे असलेली. सिस्टर तिला सवत म्हणायची. आणि ती घरात आधी आली म्हणून मुलगी लहानपणी तिला मोठी आई म्हणायची. या मोठ्या आईला त्यानं कधी परका हात लागू दिला नाही. बायको घरची साधी गाडी घेऊन रात्रपाळ्या करून यायची, पण लाल गाडीचं स्टिअरिंग त्यानं तिच्याही हाती दिलं नव्हतं. तिनंही कधी मागितलं नाही.

मग त्याचे हात कापायला लागले. आधी चहा बशीत सांडला, मग सही बिघडली. एक दिवस तो नेहमीसारखा फेरी मारून आला, गाडी आत लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली, ती पुन्हा काढली नाही. पुढच्या आठवड्यात जेवताना त्यानं सांगून टाकलं की पलीकडच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांचा गाडीवर केव्हापासून डोळा आहे, रविवारी ते येऊन घेऊन जातील. ती वाढता वाढता थांबली, आणि बरं म्हणाली.

अडचण एकच होती. टायमिंग बेल्टची मुदत संपली होती. तो पट्टा चालत्या गाडीत तुटला तर इंजिन आतल्या आत स्वतःचाच चेंदामेंदा करून घेतं. असं दुखणं अंगावर ठेवून तिला दुसऱ्याच्या घरी पाठवायची नाही, यावर तो अडून बसला. मुलीनं फोनवर सांगून पाहिलं की सरळ गॅरेजला टाका. त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. शेवटी सिस्टरनं पदर खोचला आणि तोंडानं सांगत जा म्हणाली.

झाकण निघालं, वरच्या आणि खालच्या चाकावरच्या पांढऱ्या खुणा जुळल्या, जुना पट्टा बाहेर आला. टाचांना पडाव्यात तशा भेगा होत्या त्याला. नवा बसवून तिनं ताण दिला आणि त्याच्या सांगण्यावरून पान्यानं इंजिन हातानंच दोनदा फिरवून पाहिलं. खालची खूण जागेवर आली. वरची आली नाही.

"पट्टा एका दातानं सरकलाय," ती म्हणाली.

त्यानं वाकून पाहिलं. तिच्या कपाळावरचं ग्रीस पाहिलं.

"दमलीस तू. राहू दे आता, उद्या बघू."

"पोट उघडं टाकून घरी जायची सवय नाही मला."

तिनं पट्टा पुन्हा सैल केला. वर चढवताना तो खाली निसटत होता, आणि तिला दोनच हात. तिनं त्याला जवळ बोलावलं, त्याचा तळहात धरून खालच्या चाकावर ठेवला आणि दाबून धरा म्हणाली. त्यानं जोर लावला. हात थरथरला नाही. दोघांच्याही ते लक्षात आलं. या खेपेला दोन्ही खुणा जुळल्या.

सगळं जागच्या जागी बसवून तिनं दारातून हात घालून किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. तो मान कलती करून ऐकत राहिला. मुलगी पहिल्यांदा रडली तेव्हा त्याचा चेहरा असाच झाला होता.

"छान झालं," तो म्हणाला. "डॉक्टरांना कळव, रविवारी या म्हणावं."

सिस्टरनं कापडानं एकेक बोट पुसलं. मग वाकून ती गाडीत शिरली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. पाय क्लचपर्यंत पोचेनात.

"ही सीट पुढे कशी घ्यायची?"

तो दारापाशी आला.

"डॉक्टरांना काय ते मी सांगेन," ती म्हणाली. "सीटचं सांगा."

ती सीट कधी कोणी सरकवलीच नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, सीटखालचा दांडा दोन्ही हातांनी ओढला, आणि ती कुरकुरत पुढे आली. मग तो गाडीला वळसा घालून दुसऱ्या दारानं आत बसला. सवयीनं त्याचा हात भलत्याच खांद्यावर सीटबेल्ट शोधायला गेला. तिथं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूचा पट्टा ओढून तो टोक खाचेत घालायला लागला. एकदा चुकलं, पुन्हा चुकलं.

सिस्टरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते तिनं तिथंच ठेवले, समोर रस्त्याकडे पाहिलं, आणि खट्कन आवाज आल्यावरच गिअर टाकला.