पाण्यावरची कपात

“सरकारला पाणी देऊ नका, वैनी. पाणी बी जाईल अन् पैसा बी अडकंल. मला द्या, रोजच्या रोज रोख घ्या.”

हणमंतराव आमच्या ओसरीवर बसून हे बोलले तेव्हा मी आत चिमीला मऊ भात भरवत होते. हणमंतराव म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ, गावातले टँकरवाले. आणि वैनी म्हणजे माझ्या सासूबाई, नागुबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांच्या नावावर रानात एक बोअर आहे. त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, आमच्या तिथल्या भाड्याच्या खोलीतला नळ कोरडा म्हणून मी बाळ घेऊन गावी आले होते, आणि आत्याबाईंच्या बोअरला मात्र तेव्हाही दोन इंच पाणी होतं.

तहसीलचा कागद आदल्या दिवशीच आला होता. टंचाईसाठी बोअर ताब्यात घेतो, रोजाप्रमाणे मोबदला देऊ, तुमच्या पाण्यावर सरकारी टँकर भरतील, असा. मी आतूनच म्हणाले, “आत्याबाई, सरकारला द्या. गावाला फुकट पाणी मिळेल. हणमंतमामा तर हंड्यागणिक पैसे घेतात.”

“शिकलेली सून हाय बाबा,” हणमंतराव हसले. “चालू द्या.”

मी ते हसण्यावारी नेलं. आजही मला वाटतं, माझं काही चुकलं नाही. पण हणमंतरावांचं अर्धं बोलणं खरं निघालं.

आत्याबाईंनी बोअर सरकारलाच दिला आणि तो पूर्ण उन्हाळा चालला. पहाटेपासून टँकर लागायचे. मी चिमीला कडेवरून खाली सोडत नव्हते, कारण टँकर मागं घेताना ड्रायव्हरला काही दिसत नाही. मृगाच्या तोंडावर मोटर जळाली. दिवाळीनंतर मोबदला खात्यावर आला, तो शंभरातले वीस कापून.

“हे कशाचे कापले?” आत्याबाईंनी विचारलं.

“टॅक्स आहे. आधीच कापून ठेवतात.”

“पाण्याला टॅक्स? ते मी फॅक्टरीत काढलं व्हय?”

मी समजावलं. तुमची कमाई टॅक्स बसण्याएवढी नाहीच, त्यामुळं रिटर्न भरला की कापलेलं परत मिळतं. मी बी. कॉम. आहे, नांदेडच्या कॉलेजची. रिटर्न मीच भरला. हातात आलेलं तर जुन्या देण्यातच गेलं होतं; पण कापलेल्या रकमेत नवी मोटर आणि केबल सहज बसत होती. “येतील,” मी म्हणाले. “सरकारी पैसा उशिरा येतो, पण येतो.”

मधलं वर्ष पावसानं तारलं, आडाच्या पाण्यावर निभलं. रिफंड काही आला नाही. मोबाइलवर बघावं तर तेच उत्तर, प्रक्रिया चालू आहे. दुसऱ्या वर्षी आड दिवाळीलाच तळाला गेला आणि हणमंतराव पुन्हा ओसरीवर आले.

“वैनी, मोटर मी टाकतो. पाच वर्सं बोअर माझ्याकडं राहू द्या. तुमाला घरापुरतं फुकट.”

“अन् गावाला?”

“गावाला इकीन की. मी काय पाणपोई घालून राहिलो काय?”

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. “गुढीपाडव्यापर्यंत थांबा, भावजी,” त्या म्हणाल्या. “हिचे सरकारी पैसे आले तर मोटर माझी. न्हाई आले तर पाडव्याला तुमचा पाइप टाका.”

पाडवा झाला की ऊन तापतं. पाच उन्हाळे गावानं हणमंतरावांकडून विकत पाणी प्यायचं की नाही, हे आता त्या अडकलेल्या पैशावर होतं.

रिफंड कुठं अडकला हे विचारायला मी नांदेडच्या इन्कम टॅक्स ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरवलं. माझा नवरा, निवृत्ती त्याचं नाव, लातूरला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो; मी त्या उन्हाळ्यापासून गावीच राहिले होते. तो फोनवर वैतागला. “इन्कम टॅक्सवाल्यांना कशाला डिवचतीस? घरी चौकशी लावतील.”

“आपल्या घरी काय सापडणार? चिमीचं खुळखुळं?”

बोलायला बोलले, पण भीती मलाही होतीच. अर्ज टाकल्यापासून गल्लीत अनोळखी जीप आली की मी चिमीला उचलून आधी आत जायची, मग खिडकीतून बघायची. एकदा खरंच एक जीप दारासमोर थांबली. उतरलेल्या माणसानं वही काढली. तो बियाणं कंपनीचा निघाला.

पहिला अर्ज तसाच परत आला. आपल्याकडं माहितीचा अर्ज म्हटलं की दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवायचं, हे सगळ्यांना पाठ. पण ते चालतं राज्य सरकारच्या ऑफिसात. इन्कम टॅक्स पडलं केंद्राचं, तिथं पोस्टल ऑर्डर लागते. आमच्या पोस्टात ती नव्हती. मुदखेडला माहेरी गेले तेव्हा आणली.

दुसऱ्या अर्जाला उत्तर आलं, तेही मुदतीच्या आत. ते वाचून मी ओसरीवरच बसले. आत्याबाईंच्या पॅन नंबरवर कसलाही कापलेला टॅक्स जमा दिसत नाही, असं त्यात होतं. तहसीलनं पैसे भरले होते, पण पॅनच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असं कळवलं होतं, म्हणून तर थेट शंभरातले वीस कापले होते. पैसे सरकारात पडून, आणि ते कुणाचे हेच सरकारला माहीत नाही! नांदेडच्या ऑफिसात नव्हे, आमच्याच तालुक्याला गाठ बसली होती.

तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. आम्हाला तिथंच राहायचं आहे.

तहसीलमध्ये टंचाईचं टेबल सांभाळणारे कारकून चहा पीत होते. चिमीनं त्यांच्या शिक्क्याकडं हात नेला, मी तो धरून ठेवला.

“पॅन तुम्हीच दिलं न्हाई, ताई.”

“तुम्ही मागितलं होतं?”

“मागितलं की. सगळ्यांना मागितलं.”

“आत्याबाईंकडं पॅन कार्ड आहे. बँकेत खातं काढलं तेव्हापासून आहे. मागितलं असतं तर दिलं नसतं का?”

“आता बायांचं पॅन कुठं असतंय?” ते शेजारच्या टेबलाकडं बघून हसले. “बोअर बाईच्या नावावर असला की ‘न्हाई’ टाकून मोकळं व्हायचं. काम सरतंय.”

शेजारचं टेबलही हसलं. मी हसले नाही. एका दमात माणूस म्हणाला मागितलं, आणि दुसऱ्या दमात म्हणाला बायांकडं नसतंच. दोन्ही खरं कसं असेल?

“मग आता दुरुस्त करा.”

“तसं एकट्या नावाचं करता येत न्हाई. सगळ्या तिमाहीचा हिशेब उघडावा लागतोय. खर्च हाय. अन् नवा जिल्हा व्हणार म्हणून बोलून राहिले लोक. तुमचं गाव तिकडं गेलं तर हे टेबलच राहायचं न्हाई. तवर थांबा.”

“नवा जिल्हा कधी होणार?”

“ते आमाला कोण सांगतंय?”

परतीच्या एसटीत चिमी मांडीवर झोपली आणि मी विचार करत राहिले. ‘पॅन का कळवलं नाही’ असं विचारलं तर हा माणूस परत तेच म्हणणार, मागितलं होतं. त्याच्या तोंडासमोर माझं तोंड कुठवर टिकणार? मागितलं नव्हतं हे मी दाखवायचं कसं? न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. आणि मग वाटलं, असतो की. तो त्यांच्याच कपाटात असतो, रिकाम्या जागेच्या रूपात. फक्त ती जागा त्यांच्या हातानं उघडून घ्यायची.

घरी येऊन अर्ज लिहिला. त्यात ‘का’ नाही, ‘कधी देणार’ नाही. एकच मागणी. ज्यांचे बोअर ताब्यात घेतले त्या नागुबाई व इतर सर्व महिलांकडं पॅन मागितल्याच्या पत्रांच्या प्रती, जावक क्रमांक आणि पोहोचीसह द्याव्यात. खाली कोर्ट फी तिकीट चिकटवलं. इथं तेच चालतं.

आत्याबाईंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. “एवढंच? एवढ्यासाठी येष्टीचं भाडं घातलंस?”

“एवढंच.”

“भांडली न्हाईस?”

“नाही.”

“मग काय उपेग!” आणि त्या शेळीला पाला टाकायला गेल्या.

आठवडाभरात कारकुनांचा फोन आला. आवाज एकदम गोड. मी फोन स्पीकरवर लावला, कारण आत्याबाई समोर शेंगा फोडत होत्या.

“ताई, कशाला अर्जाबिर्जाच्या भानगडीत पडता? लेकुरवाळ्या बाई तुम्ही. तो मागं घ्या. नागुबाईंचं एकटीचं मी गुपचूप दुरुस्त करून टाकतो. पाडव्याच्या आत पैसे.”

खरं सांगते, मला हो म्हणावंसं वाटलं. मोटर येणार होती, हणमंतराव परत जाणार होते. इतर बायकांचं मी काय देणं लागते? मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि फोनकडं वाकल्या.

“सायेब, नागुबाई बोलते. परवा सुनंला म्हणलं ना, एकटीचं व्हत न्हाई?”

“आता करू की काकू, तुमच्यासाठी.”

“एकटीचं व्हतंय तर समद्यांचं बी व्हतंय. अर्ज राहू द्या.”

फोन बंद झाल्यावर त्या परत शेंगा फोडायला लागल्या. “माझ्याकडं काय बघतीस? भाजी करपतीय, बघ चुलीवर.”

भाजी खरंच करपली होती. त्या दिवशी आम्ही तीच खाल्ली.

उत्तर आलं तेव्हा पाडवा महिन्यावर आला होता. हणमंतराव त्या दिवशी बोअरवर पाइपाचं माप घ्यायला आले होते आणि जाता जाता ओसरीवर टेकले होते. पोस्टमननं पाकीट दिलं, मी फोडलं. एकच ओळ होती. मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.

“काय म्हणाले?” आत्याबाई.

“नाही म्हणाले.”

आत्याबाई खांबाला टेकल्या. हणमंतरावांनी टोपी नीट केली. “मी तवाच सांगितलं व्हतं, वैनी. जाऊ द्या, पोरीचा काय दोष न्हाई.”

आणि मला हसू फुटलं. इतकं की चिमी दचकून रडायला लागली.

“याड लागलं का हिला?”

“आत्याबाई, पॅन मागितल्याचं पत्रच यांच्याकडं नाही! म्हणजे त्यांनी मागितलंच नव्हतं. आणि हे मी म्हणत नाही, तहसील म्हणतंय. सहीनं, शिक्क्यानं!”

आत्याबाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नसूनही शिक्का बोटानं चाचपला. “हे न्हाई म्हणाले,” त्या सावकाश म्हणाल्या, “अन् आपलं हो झालं?”

“हाव.”

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रांत साहेबांच्या ऑफिसात होतो. आत्याबाईंनी फोन फिरवून सरजाबाईंना आणलं होतं, जिचं माहेर बिदरकडं त्या कमलम्माला आणलं होतं, आणखीही बाया होत्या. सगळ्यांचे बोअर त्या उन्हाळ्यात सरकारकडं होते आणि सगळ्यांचं कापलेलं अडकलं होतं. कारकुनांना साहेबांनी बोलावून घेतलं.

“यांच्याकडं पॅन मागितलं होतं का?”

“मागितलं होतं, साहेब. यांनी दिलं न्हाई.”

मी कागद पुढं ठेवला. तो टेबलावर जरा जोरातच पडला. साहेबांनी वाचला, मग पुन्हा वाचला.

“मागितल्याचं पत्र नाही म्हणून तुम्हीच कळवलंय. ही सही तुमच्याच ऑफिसची ना?”

कारकून पंख्याकडं बघायला लागले.

“साहेब,” आत्याबाई उभ्या राहिल्या, “म्या टँकरवाल्याला कधी म्हणलं न्हाई, कागूद दाखव मग भर. आला, भरून दिला. तुमाला नुसतं इचारायचं व्हतं. तेवढंबी न्हाई इचारलं.”

“इगो, हे घ्या!” कमलम्मानं चोळीतून पाकीट काढून पॅन कार्ड टेबलावर ठेवलं. “बघ की आता. बाईचं कसं असतंय ते बघ.”

बाकीच्यांनीही कार्डं काढली. कुणाचं पदराच्या गाठीतून, कुणाचं प्लॅस्टिकच्या पिशवीतून. टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरली नाही. साहेबांनी तिथंच दुरुस्तीचा हुकूम लिहिला, सगळ्या महिलांसाठी.

रिफंड पाडव्याच्या आधी आला. वर उशिराचं व्याजही होतं. पैशापेक्षा आत्याबाईंना त्याचंच अप्रूप. पिठाच्या गिरणीत, दुकानात, देवळापुढं, दिसेल त्याला सांगत सुटल्या, “सरकारनं मला याज दिलं!”

नवी मोटर सोडायला गाव जमलं. हणमंतरावही आले. पाणी आलं तेव्हा त्यांनीही धारेखाली हात धरला.

“वैनी, सुनंला तहसीलीत लावा नोकरीला.”

“कामून? तुमच्या टँकरचे कागूद बघाया?”

लोक हसले. हणमंतरावही हसले, पण थोडं कमी. त्या उन्हाळ्यात आमच्या बोअरवर गावानं हंडे भरले, आणि कुणीही कुणाला पैसे दिले नाहीत.

सरजाबाईंचे आले, कमलम्माचे आले, बाकीच्यांचेही आले. राहिली एकटी गुणाबाई. तिचा बोअर तालुक्याच्या टोकाला होता. आम्ही गेलो तर दाराला कुलूप. शेजारी म्हणाले, मोटर जळाल्यावर शेत पडीक पडलं, म्हातारी लेकीकडं गेली, देगलूरच्या बाजूला कुठंतरी. फोन लागत नाही. तिच्या नावापुढं अजूनही पॅन नाही.

तुम्ही तिकडचे असाल, तर तुमच्या गल्लीत बाहेरून आलेली एक म्हातारी आहे का, एवढं बघा. उंच, हनुवटीवर गोंदण, दम लागतो म्हणून मधेमधे थांबत चालते. ती असेल तर आधी तब्येत कशी आहे ते विचारा. आणि मग विचारा, तिच्याकडं पॅन कार्ड आहे का. तिला अजून कुणी विचारलेलं नाही.