चाळीतला कांदा

आमची लेक स्नेहल घरांचे नकाशे काढती. पेठला नवं घर बांधायचं ठरलं, तवा तिनं बापाला कागदावर समजावलं, "दादा, घर लांबट अन् अरुंद करू. जोतं उंच, भिंतींना झरोके, वारा आरपार. पंखासुद्धा लागायचा न्हाई."

आमचं मालक लई भडकलं. "ही तर कांद्याची चाळ झाली! मी काय कांदा हाय?"

सोताची कांदा साठवायची चाळ मात्र ह्याच माणसानं वाऱ्याची दिशा बघून बांधलेली. कांद्याला अक्कल वापरली, माणसांना स्लॅब अन् काचा! एसीही बसवला. चैत्रात लाईट गेली की बंगल्याची भट्टी व्हायची.

परवा भर दुपारी बेल्ह्याचं पावणं बंगला बघायला आलं. लाईट न्हवती अन् मालकही न्हवतं. शोधत शोधत चाळीत गेलो, तर कांद्याच्या ढिगाशेजारी मालक उशी घेऊन घोरत व्हतं.

धडपडत उठलं अन् म्हणलं, "कांदा सडलाय का, ते बघत व्हतो."

मी पावण्यांना म्हणलं, "ह्यो कांदा बंगल्यात टिकंना, म्हणून हितं आणून ठिवलाय."