म्हाताऱ्या मुळासकट

"हेडसर, म्हातारीला विष घालणं शाळेच्या नियमात बसतं का?"

हा प्रश्न सकाळच्या रांगेत, सगळ्या शाळेसमोर विचारायचा अशी पैज भोंग्यानं लावली होती. भोंगा म्हणजे माझी मैत्रीण. ती कुजबुजली तरी पलीकडच्या वर्गात ऐकू जातं. बाकीच्या दोघी म्हणाल्या, हिच्यात एवढी हिंमत नाही. आहे की नाही, हे त्या दिवसापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुणाची म्हातारी?"

"मैदानातली, सर."

मग सगळं सांगावं लागलं. शाळेच्या हिरवळीत एक पिवळ्या फुलाचं तण माजलंय. फूल वाळलं की पांढरा भुरभुरीत गोळा होतो आणि फुंकर मारली की केस उडाल्यासारखा उडतो, म्हणून आम्ही पोरं त्याला म्हातारी म्हणतो. सोमवारी त्यावर औषध फवारायचं ठरलं होतं. फवारणार माझे बाबा, कारण मैदान तेच राखतात. मागल्या वर्षी फवारून आले तेव्हा दोन दिवस उलट्या काढत पडले होते. आणि हेडसर नाकाला रुमाल लावून व्हरांड्यातून सूचना देत होते. रुमालाचं मी बोलणार नव्हते, पण एकदा तोंड सुटलं की सुटलं.

हेडसर शांतपणे म्हणाले, "ठीक आहे, औषध नको. तुझे बाबा हातानं उपटतील. सोमवारी सकाळी एकही दिसली तर पंप आहेच."

दिवसभर मी वर्गात अशी बसले, जणू बाक मला आंदण मिळालंय.

घरी बाबा जेवत होते. मी बातमी सांगितली. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "बरं झालं," एवढंच म्हणाले आणि उठले. उठताना आधी भिंत धरली, मग दाराची चौकट.

ते बाहेर गेल्यावर आई म्हणाली, "काय करून ठेवलंस कळलं का?"

"काय?"

"चार महिने झाले, त्यांना वाकता येत नाही. चपलेचा पट्टा मी लावते. पंपाच्या टाकीला चाकं आहेत, नळी धरून उभ्यानं काम होतं, म्हणून निभत होतं. आता हे वाकणार नाहीत, हेडसर बघतील, आणि मैदान दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईल."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू सगळ्या शाळेला सांगितलं असतंस."



दुसऱ्या दिवशी मी फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'शनिवारी सकाळी मैदानातल्या सर्व म्हाताऱ्या मुळासकट उपटून काढण्यात येतील. मुलांनी खुरपं आणावं.'

शनिवारी मुलं आली सात. म्हाताऱ्या आल्या अकरा. फाटकाजवळच्या बाकड्यांवर रोज गप्पा मारत बसतात, त्याच. पुढे शिंपीणआजी.

"नातवानं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "बसतो जरा बाकड्यावर, तर शाळेला एवढी अडचण झाली होय? ये, उपट."

"आजी, तुम्ही नाही. हे फूल."

तिनं फुलाकडे बराच वेळ पाहिलं. "याला आमचं नाव कुणी ठेवलं?"

"पांढरे केस आहेत म्हणून."

"माझेपण आहेत. मार फुंकर, बघू उडतात का."

भोंगा हसली ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. मी घाईघाईनं एक झाड उपटलं. पाला हातात आला.

"दाढी करतेस का त्याची?" शिंपीणआजी म्हणाली. "मूळ राहिलं खाली. महिन्यात एकाची दोन होतील. खुरपं ठेव. बादल्या आणा, जुनी उलथणी आणा."

पाणी ओतलं, मुरू दिलं. मग आजीनं झाडाच्या कडेनं उलथणं खोल घातलं, हलवलं आणि झाडाची मान धरून सावकाश ओढलं. गाजराएवढं मूळ अख्खं वर आलं. तेवढ्यात पाचवीतल्या एका पोरानं पांढऱ्या गोळ्यावर फुंकर मारली.

"झाली पुढच्या वर्षीची पेरणी," आजी म्हणाली. त्यानंतर गोळे आधी पिशवीत जायला लागले.

बाबा काठी घेऊन आले आणि कुंपणाशी उभे राहिले. दहाच्या सुमारास हेडसर आले. वाकलेल्या अकरा बायका पाहिल्या, उभे बाबा पाहिले.

"हे काय? तुम्ही नुसते उभे?"

शिंपीणआजीनं मानही वर केली नाही. "त्यांना मीच उभं केलंय. बसलेल्याला फक्त पायापुढचं दिसतं. कुठं राहिलं ते सांगायला एक उभा माणूस लागतो."

बाबांनी काठी रोखली. "तुमच्या बुटापाशी दोन आहेत, सर."

हेडसर वाकले आणि ओढलं. पाला हातात आला.

"दाढी केलीत," आजी म्हणाली.

रविवारी संध्याकाळी मैदान देवी आलेल्या तोंडासारखं दिसत होतं, पण पिवळं एकही नव्हतं. सोमवारी हेडसरांनी दोन फेऱ्या मारल्या, पंप कोठीत टाकून कुलूप लावलं आणि बाबांना म्हणाले, "छान. आता दर आठवड्याला असंच हातानं."

"हो सर," बाबा म्हणाले. त्यांनी घरी 'बरं झालं' म्हटलं होतं, त्याच आवाजात. अकरा जणी काही दर आठवड्याला येणार नव्हत्या.

रात्री ताटं वाढली तेव्हा मी उभीच राहिले.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "उद्या पहिल्या तासाआधी हेडसरांच्या खोलीत जाऊन तुमच्या पाठीचं खरं काय ते सांगणार."

"काढून टाकतील मला," बाबा म्हणाले.

"नाही टाकणार. नुसतं वाकून जमत नाही, हे त्यांनाही कळलंय. पाला त्यांच्याही हातात आला होता, अकरा जणींनी पाहिलाय."

आईनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला आणि भाताच्या भांड्याकडे वळली.

"रोज शाळेआधी तासभर मी उपटणार, तुम्ही उभं राहून दाखवायचं. आणि उद्या दुपारी आपण दोघं दवाखान्यात जातोय. माझी शाळा अर्धा दिवस बुडेल. मैदान नाही बुडू देणार."