टाकीतले अण्णा

बिभीषणअण्णा ज्या जागी गेले, तिथं चांगुणाआत्यानं पहिल्याच रात्री बाजरीचं पीठ पसरलं, शेजारी दिवा लावला आणि पिठावर डालगं पालथं घातलं. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला ते सकाळी पिठात उमटतं. आत्याच्या सासऱ्याच्या वेळी मुंगसाची पावलं निघाली होती, सासूच्या वेळी चिमणीची. अडचण एवढीच होती की अण्णा गेले ते समुद्राच्या टाकीपाशी.

कुंभार पिंपळगावात अण्णांचं बियाण्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत त्यांचा समुद्र. गाळलेलं पाणी, त्यात खास मागवलेलं मीठ, वर निळे दिवे, आणि डोळा धरून कलम लावावं तशी तुकड्यातुकड्यानं वाढवलेली प्रवाळं. त्यातलं जांभळं, फांद्याफांद्यांचं प्रवाळ त्यांच्या लेकीनं, इंद्रायणीनं, पहिल्या पगारातून पाठवलं होतं. आलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं. आता तव्यात मावलं नसतं. आई गेल्यावर बापलेकीत फोनवर जे काही बोलणं व्हायचं ते बहुतेक त्या प्रवाळाचंच.

सकाळी डालगं उचललं. पिठात मधोमध एक खळगा आणि भोवतीनं किरणांसारख्या रेघा. पाऊल न्हाई, नख न्हाई.

"टाकीची नळी गळतेय आत्या," इंद्रायणी म्हणाली. "डालग्याच्या विणीतून थेंब पडलाय."

कुणी ऐकलं नाही, कारण तिच्या रायभानकाकांनी तेवढ्यात मान वर केली होती. काचेपलीकडे, दगडाला चिकटून, एक तपकिरी जीव डुलत होता. मधोमध तोंड, भोवतीनं किरणांसारखे हात.

"दादा!" काका ओरडले.

आता, खरं तर ही टाकीतली कीड होती. फुलासारखी दिसते, शेजारच्या प्रवाळाला डंख मारमारून मारते, आणि उपटायला जावं तर तुटलेल्या प्रत्येक चिंधीतून नवी उगवते. शेवटच्या फोनवर अण्णा तिलाच शिव्या देत होते. "टाकीत गाजरगवत माजलंय. तू आलीस की दोघं मिळून काढू."

"आत्या, अण्णा स्वतः हिला गाजरगवत म्हणायचे."

"मंग? मागल्या जन्मी काय म्हणला ते या जन्मी लागू ऱ्हातं व्हय?"

"पण ती टाकीभर आहे. अण्णा एक होते."

"एक कुठं व्हता? कवा दुकानात, कवा मळ्यात, कवा दुसऱ्याच्या भांडणात. घरी सोडून समदीकडं एकाच येळी असायचा."

भेटायला येणारी माणसं आता फोटोला हार घालून टाकीकडं वळू लागली. कुणी पाण्यात बोट घातलं की तो जीव झटकन आत ओढला जाई, आणि आत्या डोळ्याला पदर लावी. "बिलकुल बिभीषण. पाव्हणे आले की आत."

अण्णांचे दोस्त चांदपाशा, जे टाकीचा इन्व्हर्टर सांभाळायचे, ते बराच वेळ काचेला नाक लावून बसले आणि उठताना इंद्रायणीला म्हणाले, "बेटी, ये वो नै है. इत्ती देर चुप बैठताच नै था वो."

दरम्यान जांभळ्या प्रवाळाची बुडाकडची फांदी पांढरी पडली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची पडली.

इंद्रायणीनं त्या किडीवरचा उपाय वाचलेला होता: तोंडात चुना सोडला की ती मरते. तिनं चुना कालवला, सुईशिवायच्या सिरिंजमध्ये भरला आणि बाह्या वर केल्या. तेवढ्यात आत्या दारात उभी.

"बापाला इंजेक्शन देती?"

"इंजेक्शन नाही. चुना आहे."

आत्याचा चेहरा बदलला. थोरली बहीण ती. अण्णांच्या तळहातावर पहिली तंबाखू तिनंच ठेवली होती म्हणतात. "कसं सुचलं न्हाई मला," ती म्हणाली. "गेल्यापासून कोरड्या तोंडानं बसलाय गं. आण इकडं. आधी मी."

इंद्रायणीनं सिरिंज दिली. ती खोटं बोलली नव्हती. पुढचं बोलली नाही, एवढंच.

आत्यानं पांढरा ठिपका बरोबर तोंडावर सोडला. हात हळूहळू मिटले आणि चुना आत गेला.

"घेतला! घेतला गं बया!"

सकाळी त्या जागी काहीच नव्हतं. तृप्त होऊन पुढं गेला, असं आत्यानं जाहीर केलं, आणि मग रांग लागली. इंद्रायणीनं एकच अट घातली: एका दिवसात फार चुना पडला तर मासे मरतात, तेव्हा थोड्याच लोकांनी द्यायचा. रायभानकाका दाराशी खुर्ची टाकून नंबर लावू लागले. प्रत्येक जण चुना देता देता काहीतरी बोले. "अण्णा, तुमची सरकी बराबर उगवली बरं का." स्वतः काका म्हणाले, "दादा, बांधावरची बाभळ मीच तोडली व्हती. कचरूनं न्हाई." आष्टीहून आलेल्या एका मेहुण्यानं सोबत तंबाखूची पुडी काढली.

"तंबाखू नको," इंद्रायणी म्हणाली. "डॉक्टरांनी बंद केली होती."

"ते बी खरं," मेहुण्यानं पुडी परत खिशात घातली.

असं करत दगड मोकळे होत गेले. अखेर एकच उरला, जांभळ्या प्रवाळाच्या अगदी बुडाशी. आत्यानं सिरिंज इंद्रायणीच्या हातात दिली. "शेवटला हात लेकीचा."

तिनं पंप बंद केला. हात पाण्यात घातला तसा तो आत ओढला गेला. मिटलेल्या तोंडात चुना जात नाही. ती थांबली. मागं सगळं घर थांबलं.

"काय झालं?"

"मिटलाय."

"मंग बोल की त्याच्याशी. आमी समदे बोललो. तू आल्यापासून त्याच्यापुढं तोंड उघडलं न्हाई."

त्या जिवाला कान नसतात, मेंदू नसतो, हे तिनं चांगल्या पुस्तकांत वाचलं होतं. ती काचेजवळ वाकली.

"अण्णा, मी आलेय," ती हळू म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "जांभळं मरतंय हो. सरका आता."

एक हात बाहेर आला. मग दुसरा. पाणी शांत झालं होतं. तो तसाही उघडलाच असता. हेही तिला माहीत होतं. सगळे हात पसरून तो पुरता उघडेपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं अंगठा दाबला.

"घेतला का?" आत्यानं मागून विचारलं.

इंद्रायणीनं मान डोलावली, आणि कोपरापर्यंतचा हात समुद्रात तसाच ठेवून उभी राहिली.