खुंटी नसलेला सूर

या काचेच्या कपाटात वेळूच्या सतरा नळ्या वर्तुळाकार उभ्या दिसतात ना, मित्रांनो, तो मी. एक जुना शंग, तोंडाने फुंकायचे चिनी वाद्य. वादक श्वास सोडो वा घेवो, दोन्ही वेळा गाणारे माझ्यासारखे वाद्य विरळच. आज मात्र या कपाटात वाराही शिरत नाही.

चीनच्या हबेई प्रांतातील एका खेड्यात शी चांगमिन यांनी एकाच बेटातील वेळूंचे दोन शंग घडविले. थोरला स्वतःसाठी, धाकटा मी, पुत्र युनहे याच्यासाठी. प्रत्येक नळीच्या तळाशी त्यांनी पितळेची जिव्हा बसविली आणि तिच्यावर मेणाचा थेंब ठेवून सूर स्थिर केला. आमचा सूर वाजविताना हलत नाही. म्हणून गावच्या वाद्यमेळात सारे आमच्याशी सूर जुळवीत.

पुढे युनहेला शहरातील मोठ्या वाद्यवृंदात स्थान मिळाले. एका नव्या सिंफनीत पाश्चात्त्य वाद्यांसह मलाही गायचे होते. पहिल्या दिवशी तो गावच्या रीतीप्रमाणे उभा राहिला, एक दीर्घ सूर लावला आणि सर्वांची वाट पाहू लागला. ऐंशी जणांत हशा पिकला.

"शीदादा, बसा खाली! ही लग्नाची वरात नव्हे," एक व्हायोलिनवादक म्हणाली. "इथं सूर ओबो देतो."

ओबो, म्हणजे त्यांचे फुंकून वाजवायचे वाद्य; त्याचा सूर माझ्याहून चढा होता. वाद्यवृंदाचे संचालक म्हणाले, "जिव्हा घासून सूर चढवून घ्या की. दोन दिवसांचं तर काम!"

युनहेने माझ्या जिव्हांवर कानस चालविली. मित्रांनो, प्रयोगात टाळ्यांचा कडकडाट झाला, वृत्तपत्रांत माझे छायाचित्र आले. त्या स्वरसागरात मी खरोखर आनंदाने न्हालो, हे नाकारणार नाही.

त्याच वर्षी चांगमिन ऐंशी वर्षांचे झाले, म्हणून आम्ही गावी गेलो. वाढदिवसाला खातात त्या दीर्घायुष्याच्या शेवयांची वाटी बाजूला सारून ते म्हणाले, "चल रे, दोघे मिळून वाजवू." थोरला आणि मी एकत्र गाऊ लागलो मात्र, अंगणातल्या कोंबड्याही दूर पळाल्या.

"काका, धाकटा शहरात जाऊन नाकात बोलायला लागला!" ढोलवाला पुतण्या हसला.

चांगमिन हसले नाहीत. "काय केलंस रे याचं?"

"बाबा, मेण लावतो. उतरेल सूर."

दुसऱ्या दिवशी युनहेने मेण लावले. सूर उतरला, पण झिजलेल्या दोन जिव्हा त्या भाराने मुक्या झाल्या. चांगमिन यांनी मला हातात घेतले, फुंकले आणि हळूच खाली ठेवले. "राहू दे, पोरा. कापलेलं बोट मेणानं लांबत नाही."

असा मी ना गावाचा राहिलो, ना शहराचा. वाद्यवृंदाने युनहेसाठी शहरी सुराचा, बोटांनी दाबायच्या चाव्यांचा नवा शंग घेतला आणि मला सन्मानपूर्वक आपल्या दालनातील या कपाटात कुलुपात ठेवले. युनहे माझ्यासमोरून मान वळवून जाई.

मध्यंतरी संचालकांनी त्याला माझ्यासमोरच थांबविले. "नव्या रचनेत दोन शंग हवेत. तुमच्या वडिलांचा आणा. थोडासा घासू."

युनहेने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले. "व्हायोलिनला खुंट्या आहेत, महाशय. त्या पिळता येतात आणि परत सैलही करता येतात. याला नाहीत."

"म्हणजे एका शंगासाठी ऐंशी जणांनी सूर उतरवायचा?"

"ते तुम्ही ठरवा. बाबांच्या शंगाला मी कानस लावू देणार नाही. हवं तर माझी खुर्ची घ्या."

संचालक निघून गेले. नवी रचना थोरल्याविना झाली. युनहेची खुर्ची राहिली, पण आता तो मागच्या रांगेत बसतो. थोरला गावीच आहे, अखंड जिव्हांनी गातो आहे. मी येथे आहे.

मित्रांनो, दोन परंपरांनी एकत्र गावे, हे मंगल आहे. ते मी अनुभविले आहे. परंतु जुळवून घेण्याची वेळ आली, की ज्याला परत सैल होता येते त्याने आधी वळावे. जो एकदा घासला की कायमचा घासला जातो, त्याच्या अंगावर कानस ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्याला विचारा. आणि माझ्यासारखा कोणी कपाटात दिसलाच, तर कुलूप काढून दोन श्वास द्या. ज्या पंधरा जिव्हा उरल्या आहेत, त्या अजून बोलतात.