कडी लावलेली होती

मी एक जुना पिंजरा आहे आणि सध्या उलटा पडलो आहे. माझ्या एका बाजूला फुटकी बादली आहे, दुसऱ्या बाजूला तीन पायांची खुर्ची. भंगारात आल्यावर कोणी कोणाची विचारपूस करत नाही. म्हणून मित्रांनो, माझी कहाणी तुम्हालाच सांगतो.

तारकाम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. एकेक तार त्याने हाताने वाकवली, पण कडीची स्प्रिंग मात्र दुसऱ्या मोडक्या पिंजऱ्याची काढून मला बसवली. "चालतंय की," तो म्हणाला. आणि बरीच वर्षे ते चाललेही.

माझी पहिली मालकीण शिवणकाम करायची. माप द्यायला आलेल्या बायका माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "किती सुबक आहे हो!" मी आपला फुशारून जायचो. पुढे माझी स्प्रिंग थकली. दार लागताना 'खट्' असा ऐटबाज आवाज यायचा, पण आतून जरा धक्का बसला की कडी हळूच सरकायची. नाव मोठे लक्षण खोटे, तशातली गत! मालकिणीने त्याचा गाजावाजा केला नाही. दार लावले की ती शिवणयंत्रावरच्या लाल दोऱ्याचे दोन वेढे कडीला द्यायची. माझे दुखणे तिला एकटीलाच ठाऊक होते. ती वारली, तसे ते गुपितही तिच्याबरोबर गेले. तिच्या सुनेने मला खालच्या मजल्यावरच्या जोडप्याला देऊन टाकले.

त्या घरातला माणूस लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या बायकोला पाचवा महिना होता. हा पठ्ठ्या कामात चोख, पण एरवी इतका विसराळू की वर्षाला तीन छत्र्या हरवायचा.

"छत्र्या विसरणारा माणूस बाप व्हायला निघालाय," बायको चिडवायची. "आधी एखादं पाखरू सांभाळून दाखव बघू."

ती थट्टेत बोलली. त्याने मात्र ते मनावर घेतले. रविवारी त्याने मला साबण लावून तीनदा घासले. कडीला लटकलेला मळका दोरा त्याला घाण वाटला, तो त्याने कापून फेकून दिला. मित्रांनो, त्या दिवशी मला तोंड असते तर!

संध्याकाळी हिरवे, नुकती पिसे फुटलेले पोपटाचे एक पिल्लू घरात आले. त्याचे नाव पडले वाटाणा. माणूस त्याला ड्रॉपरने भरवायचा आणि भरवताना स्वतःच तोंडाचा आ करायचा. बायको हसून बेजार व्हायची. कामावर जाताना तो दार लावायचा, जिन्यापर्यंत जायचा आणि परत येऊन दार पाहायचा. इतक्या मायेने मला कोणी हाताळले नव्हते.

एकदा बायको बाहेर गेली असताना तो वाटाण्यापाशी बसला. "माझे बाबा मला बसस्टँडवर विसरून घरी गेले होते," तो म्हणाला. "सहा वर्षांचा होतो मी. सगळे म्हणतात, मी अगदी बाबांच्या वळणावर गेलोय. तू सांग, माझ्याकडून असं होईल का रे?" वाटाणा त्याच्या शर्टाचे बटण कुरतडत राहिला.

महिने गेले. वाटाण्याची चोच मजबूत झाली, आणि मला भीती वाटू लागली.

आठव्या महिन्यात एका दुपारी बायकोच्या पोटात दुखू लागले. निरोप मिळताच तो धावत घरी आला. तेवढ्या घाईतही त्याने वाटाण्याचे पाणी बदलले आणि दार लावले. 'खट्' आवाज झाला, मी स्वतः ऐकला. दोघे दवाखान्यात गेली. वाटाण्याने कडीला चोच मारली, एकदा, दोनदा, आणि दार उघडले. तो खिडकीच्या कठड्यावर जरा वेळ बसला. मग गेला. हातावर वाढलेले पाखरू, बाहेर त्याला दाणा कोण देणार होते?

कळा खोट्या निघाल्या. दोघे हसत घरी परतली आणि दारातच थबकली.

"सकाळपासून सहा लिफ्टची दारं तपासली मी," तो म्हणाला. "घरचं एक राहिलं."

"अरे, घाईत कडी राहिली असेल. होतं असं," बायकोने समजूत घातली.

त्या समजुतीनेच घात केला. दोष अंगावर घ्यायची त्याला एवढी घाई, की त्याने माझी कडी हलवूनसुद्धा पाहिली नाही. मी तर मुकाच.

मुलगी झाली. तो दुपटी धुवायचा, पाणी उकळायचा, पण तिला हातात घ्यायचा नाही.

"घे ना रे तिला."

"तुझ्याकडेच बरी आहे ती."

"किती दिवस असं? ती काही उडून जाणार नाहीये!"

हे वाक्य तिच्या तोंडून गेले आणि घरातले बोलणेच संपले. चार महिने तिने वाट पाहिली. काल तिचा भाऊ येऊन दोघींना घेऊन गेला. निघताना तिने मुलगी त्याच्यापुढे धरली. त्याने हात मागे बांधले.

आज सकाळी त्यानेच मला खाली आणून भंगारवाल्याला दिले आणि पाठ फिरवून जिना चढला. भंगारवाल्याने माझे दार लावले. 'खट्'. मला गाडीवर टाकताच ते आपसूक उघडले. त्याने पुन्हा लावले, ते पुन्हा उघडले. "कडीच गेलीये याची," तो स्वतःशी पुटपुटला. एवढे एक वाक्य वर ऐकू जायला हवे होते. पण गाडी निघाली.

मित्रांनो, जुनी वस्तू कोणाला द्याल, तेव्हा तिचे दुखणेही सांगून द्या. आणि लिफ्टचे दार तीनतीनदा ओढून पाहणारा एखादा माणूस तुम्हाला भेटला, तर त्याला माझा निरोप द्या. म्हणावे, त्या दुपारी कडी लावलेली होती.